काळ्या रानातलं गवत

आबांच्या वाळत घातलेल्या गवतावर चप्पल घालून पाय दिलेला त्यांना अजिबात चालायचा नाही. समोरचा माणूस कितीही मोठा असो. एकदा तालुक्याचे एक पुढारी कसल्या तरी पाहणीला आले आणि फोटो चांगला येईल म्हणून पांढऱ्या बुटांनी थेट गवतात जाऊन उभे राहिले. आबा कमरेत वाकून गवत उलटत होते. ते सरळ झाले, हात जोडले आणि म्हणाले, "सायेब, तुमी जेवाय बसला आन म्या तुमच्या ताटात पाय दिला तर?" पुढाऱ्यांनी बूट काढले. मग कुसळं टोचायला लागली तसे एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागले. आम्ही बायका बांधावर पदर तोंडाला लावून हसत होतो. आबा हसले नाहीत, ते पुन्हा वाकले आणि गवत उलटायला लागले.

गावात सगळे त्यांना गवत्या म्हणायचे. माघारीच नव्हे, तोंडावरसुद्धा, आणि ते त्या हाकेला खुशाल ओ द्यायचे. मी आपली आबा म्हणायची. वयानं माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे, काटकुळे, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात खिशाची बंडी. त्या खिशात विडीकाडी नसायची, वाळल्या गवताची एक चिमूट असायची. एसटीत शेजारी कुणी बसलं, दवाखान्यात बाकावर कुणी भेटलं, की आबा ती चिमूट काढून त्याच्या नाकाशी धरायचे. "वास घ्या. आमच्या डोंगराचा हाय." लोक मान मागं घ्यायचे. मी सांगलीची, मार्केट यार्डामागं हळदीच्या पोत्यांच्या वासात वाढलेली. लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात मलाही बांधावरून ती चिमूट मिळाली. मी वास घेतला. खोटं कशाला सांगू, मला काही म्हणजे काही कळलं नाही. तरी म्हटलं, "छान आहे की." तर म्हणाले, "खोटं बोललीस पोरी. पर वास घेटलास, त्येच लय झालं."

आमचं गाव इस्लामपूरपासून लांब नाही. चारी बाजूंनी ऊस आणि माणसांच्या बोलण्यातही ऊसच. कारखान्याचा पट्टा पडला की तोड सुरू होते आणि उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पाहिजे तेवढं मिळतं. जनावरांपुढं तेच. अशा ठिकाणी गवत वाढवायचं, कापायचं, वाळवायचं, पेंढ्या बांधून त्यांची गंज रचायची, हा उद्योग करणारा माणूस एकच. आबा वाड्याला "जितराबांचा वडापाव" म्हणायचे. "पोट भरतंय, अंगाला लागत न्हाई. माझ्यावर इस्वास नसंल तर गाईला इचारा."

त्यांची गायसुद्धा बघण्यासारखी होती. बुटकी, पिवळट, शिंगं आखूड, दूध म्हणाल तर पेलाभर. आमचे मालक एकदा चेष्टेनं म्हणाले, "आबा, तुमच्या गाईपेक्षा आमची शेळी दूध जास्त देती." आबा म्हणाले, "देत असंल की गड्या. पर शेळी माझ्या वाडीची न्हवं."

वाडी म्हणजे कोयनेच्या वरच्या अंगाला, डोंगरात. खालचं भाताचं रान धरणाच्या पाण्यात गेलं, पुढं कितीतरी वर्षांनी वरची घरंही अभयारण्यासाठी उठवली. वाडीची माणसं कुठं कुठं फुटली. कुणी मुंबईला गेलं, कुणाला या तालुक्यात जमीन मिळाली, कुणाला त्या. आमच्या गावाच्या कडेला जी वसाहत झाली तिच्यात त्यांच्या वाडीतलं घर आबांचं एकटंच, बाकीचे सगळे दुसऱ्या खोऱ्यातले. आणि आबांना सरकारनं जी जमीन दिली, ती आमची होती.

म्हणजे माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना मामंजी म्हणतो. कॅनॉलच्या पाण्याखालची काही जमीन पुनर्वसनाला काढून घेतली, त्यात मामंजींचा घरापुढचा तुकडा गेला. काळीभोर, नांगर लावला की लोण्यासारखी कापली जाणारी जमीन. जमीन गेली याचं दुःख त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण नव्या मालकानं बांधाला लागून, आमच्या सोप्यातून उठता-बसता दिसेल असं, गवत लावलं. एसटीनं डोंगरात जाऊन धोतराच्या सोग्यात पवन्या, शेडा असल्या डोंगरी गवतांचं बी बांधून आणलं आणि त्या रानात फेकलं. कॅनॉलचं पाणीसुद्धा त्याला कधी दिलं नाही. डोंगराला कोण पाणी पाजतं, म्हणायचे.

मामंजींचा नुसता जळफळाट. "आरं ऊस लाव, हळद लाव, न्हायतर पडीक टाक! गवत? माझ्या रानात गवत?" हे सगळं आम्हाला ऐकवायचे. आबांना एक शब्द नाही. बांधाच्या दोन बाजूंना दोन म्हातारे समोरासमोर आले तरी मामंजी आभाळाकडं बघायचे. आबा मात्र रोज सकाळी "राम राम" घालायचे, उत्तराची वाट न बघता पुढं जायचे. वर्षं गेली, यात फरक पडला नाही.

दसरा झाला की गवत पिकायचं. मग मामंजी सोप्यात बाज ओढून बसायचे आणि दिवसभर बघायचे. दहिवर उठल्याशिवाय, म्हणजे पहाटेचं दव वाळल्याशिवाय, आबा इळा लावायचे नाहीत. कापलेलं गवत आडवं पाडायचे, दुसऱ्या दिवशी उलटायचे, पुन्हा उलटायचे. मग मूठभर घेऊन कानाशी पिळायचे. आवाज ऐकायचे. मान हलवायचे, पुन्हा खाली ठेवायचे. "काय रेडिओ ऐकतंय का काय," मामंजी फुसफुसायचे. शेवटी एकदाचा पाहिजे तो आवाज आला की आबा आणि त्यांची बायको, ज्यांना मी मावशी म्हणते, गवताचाच पीळ देऊन पेंढ्या बांधायला बसायची. गंजीखाली दगड, दगडांवर बाभळीच्या फांद्या, मग पेंढ्या, तुरे आत आणि बुडखे बाहेर. वर निमुळती करत न्यायची म्हणजे पाऊस निथळून जातो.

एके वर्षी गंज रचून झाल्यावर चौथ्या दिवशी आबांनी तिच्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि तसेच उभे राहिले. आजारी लेकराच्या कपाळावर हात ठेवून आई उभी राहते ना, तसे. मग मावशींना हाक मारली. "आगं ये, तापलीया गंज." घाई झाली होती, आतली ओल राहिली होती. दोघांनी सबंध गंज उपसून पुन्हा उन्हात पसरली. वसाहतीतली पोरंटोरं हसत होती. आबा म्हणाले, "हासा. गवताला घाई केली की ते आत रागावतं. मानसासारखंच हाय ते." मामंजी बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी कूस बदलली.

माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, या भांडणात नव्हत्या. मामंजींची पाठ वळली की बांधावरून दह्याची वाटी जायची आणि परतीला मावशींकडून नाचणीची भाकरी यायची. मामंजींना हे माहीत होतं असं मला वाटतं, पण त्यांनी कधी दाखवलं नाही.

त्या आत्याबाई एका दिवाळीच्या तोंडावर गेल्या. सकाळी पाणी तापवायच्या चुलीपुढं बसल्या त्या उठल्याच नाहीत. घर सुन्न झालं. आणि तिसऱ्या दिवशी, पुरुषमाणसं रक्षा घेऊन कृष्णेच्या घाटावर गेलेली असताना, आबा आणि मावशी डोक्यावर गवताचे भारे घेऊन आमच्या अंगणात आले.

मी विचारलं, "आबा, हे काय?" त्यांनी ओठावर बोट ठेवलं. भारा उतरवला आणि परत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. गोठ्याच्या कडेला दगड मांडले, फांद्या टाकल्या आणि पेंढ्या रचायला लागले. उन्हाचा तडाखा होता, मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर आबांनी नुसती मान हलवली. मावशींनीही घेतला नाही. नवरा-बायको मुक्यानं राबत होती आणि बांधापलीकडची त्यांची गंज बघता बघता सरत होती. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मामंजींची बहीण घरात होती. ती बाहेर आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया! सुतकात दारात वाळलं गवत? ह्येला कुणी सांगिटलं हे धंदं कराया?" आमच्याकडं माणसाला न्यायची ताटी बांधतात तिच्यावर वाळलं गवत अंथरतात. म्हणून सुतक फिटेपर्यंत वाळली पेंढी कुणी दारात येऊ देत नाही. आली तर पुन्हा ताटी बांधायची वेळ येते, असं मानतात. घरात माझी दोन लहान लेकरं. मीही त्यांना ओढून जवळ घेतलं, नाही कशाला म्हणू.

तेवढ्यात मामंजी आले. डोकं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. त्यांनी गंज बघितली, वर शेवटची पेंढी लावणारे आबा बघितले. आणि इतक्या वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"आता आनी कुणाला न्ह्याला आलाईस रं?"

आबांना समजलंच नाही. ते खाली उतरले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मामंजी ऐकायच्या पलीकडं गेले होते. कुणी धरायच्या आत त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड आणून गंजीत खुपसलं. खडखडीत वाळलेलं गवत ते. एका श्वासात वर गेलं.

आम्ही सगळे ओरडत होतो. आबा ओरडले नाहीत. ते धावले ते सरळ आमच्या गोठ्यात. "म्हसरं सोडा! ठिणगी उडंल!" आमच्या दोन्ही म्हशींची दावी त्यांनी सोडली, रेडकू कवेत उचलून लांब नेलं आणि मग तिथंच उभे राहिले, आपलं वर्षाचं गवत जळताना बघत. मावशी बांधावर मटकन बसल्या. जळत्या गवताचा गोडसर वास सगळ्या अंगणात भरला. नाकाशी धरूनही न कळलेला तो वास त्या दिवशी मला कळला. राख झाल्यावर आबांनी मामंजींना हात जोडले, मावशींना उठवलं आणि दोघं घरी गेली.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या गाईचे फार हाल झाले. आबा तोडकऱ्यांच्या मागं फिरून वाडं गोळा करायचे. गाय वास घ्यायची, दोन घास खायची आणि मान फिरवायची. बरगड्या वर आल्या होत्या तिच्या. मला बघवेना. एकदा पिठाच्या गिरणीत मावशी भेटल्या तेव्हा मी सरळ विचारलं. मी तोंडाची फटकळ, मनात ठेवणं जमत नाही.

"मावशी, ते गवत आमच्या दारात कशाला आणलं होतंत?"

मावशींनी आधी दळणाचा डबा नीट ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या वाडीत चाल हुती. ज्या घरात मानूस गेलं त्या घराचं गवत आदी. समद्या वाडीनं कापायचं, वाळवायचं, रचायचं, मग आपापलं. त्या घरात पान्याचा थेंब घ्याचा न्हाई, तोंडातनं शब्द काडायचा न्हाई. तुमच्यात गवतच न्हाई, मग कापायचं काय? म्हून ह्येंनी आपलं आणलं."

"अवं मग सांगायचं तरी!"

"सांगून केलं तर ते उपकार झालं. उपकार न्हवं गं त्यो, शेजार हाय." त्यांनी डब्यावर झाकण बसवलं. "वाडीचं आता कुणी न्हाई जवळ. उद्या आमच्यात मानूस गेलं तर कोन येनार? ह्येनला त्येचाच घोर. मला म्हनले, एक घर तरी धरून ठिवू या. बांधाला लागून हाय ते."

मी घरी आले आणि रात्रीच्या जेवणाला मामंजींच्या पुढ्यात सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. ताटातच हात धुतला आणि बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून निजले.

मला वाटलं, सकाळी जातील, दोन शब्द बोलतील. गेले, पण कसे! बांधावर जाऊन उभे राहिले. पलीकडं आबा खुरपत होते. मामंजींनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला आणि म्हणाले, "कॅनॉलच्या पान्याची पाळी कुनाची हाय आज?"

गवताला थेंबभर पाणी न देणाऱ्या माणसाला हा प्रश्न! आबांनी वर बघितलं. "तुमची," म्हणाले. मामंजी "हां" म्हणून परत आले. आमचे मालक कपाळाला हात लावून बसले. पण मी सांगते, त्या दिवसापासून आबांच्या "राम राम"ला बांधाच्या अलीकडून "राम राम" जायला लागला. त्यापुढं ते दोघं गेले नाहीत. एकाला माफी मागता येत नव्हती, दुसऱ्याला ती मागून घ्यायची नव्हती. मामंजींना रोज वाटत असणार की उद्या बोलू. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं आणि माझा जीव तुटायचा.

पुढच्या वर्षी गवत आलं, गाय सावरली. त्याच्या पुढच्या वर्षी ऐन वैशाखात आबा गेले. दुपारी गाईला पाणी दाखवून आले, आडवे झाले, तेवढंच.

मामंजी मयतीला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर बाज रिकामी. बघते तर मामंजी बांधापलीकडं, आबांच्या रानात उभे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो बांध ओलांडला होता. हातात इळा. आणि पुढं काय, तर करपलेली खुंटं आणि भेगाळलेली जमीन. वैशाखात कुठलं आलंय गवत? गंजसुद्धा तळाला गेलेली. मी जवळ गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "कापाय काय न्हाई गं."

मी कधी त्यांच्या अंगाला हात लावला नव्हता. सासरे ते. पण त्या दिवशी दंडाला धरून त्यांना घरी आणलं.

आबांचा मुलगा मुंबईला भाजी मार्केटात माथाडी कामाला. दिवस झाल्यावर तो आमच्या मालकांकडं आला. "दादा, आईच्यानं आता रान हुनार न्हाई. मला येता येत न्हाई. तुमीच करा वाट्यानं. ते गवत मोडा आन ऊस लावा." आमच्या मालकांना आभाळ ठेंगणं झालं. मलाही झालं, उगीच साधूपणाचा आव कशाला आणू? आमचंच रान, घरापुढचं, आपणहून हातात येत होतं. पावसाच्या आत नांगरायचं, आषाढात आडसाली लागण करायची, असं सगळं ठरलं. ट्रॅक्टरवाल्याला फोनसुद्धा झाला.

मामंजींनी बाजेवरून सांगितलं, "दिवाळीपतोर त्या रानात नांगर जायचा न्हाई."

"का?" मालक म्हणाले.

"त्या घरात मानूस गेलंय. पाऊस पडला की गवत उगंल. त्ये म्या कापनार, मग काय ते करा."

केवढं भांडण झालं! मालक म्हणाले, आयुष्यभर त्या तुकड्यासाठी आमचे कान खाल्लेत, आणि आता आयतं हातात येतंय तर लागणीचा हंगाम घालवू? तेही गवतासाठी? दिवाळीपर्यंत तो पोरगा दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा होईल! मामंजींनी आवाज चढवला नाही. "दिलं तर दिऊ दे," म्हणाले, "पर आमच्या हातानं मोडायचं न्हाई." शेवटी मालकांनी आबांच्या मुलाला मुंबईला फोन केला आणि कसंबसं दिवाळीपर्यंत थांबवलं. तो वैतागला होता. दिवाळीनंतर एक दिवसही थांबणार नाही, म्हणाला.

पाऊस आला, गवत आलं. श्रावणात घोट्याएवढं, भादव्यात कमरेला. मामंजी काठी घेऊन बांधावर बसायचे. कुणाची शेळी शिरली की ज्या तोंडानं एके काळी त्या गवताला शिव्या दिल्या त्याच तोंडानं शेळीला द्यायचे. मावशी उंबऱ्यात बसून हे बघायच्या.

दिवाळीच्या आधी कापणीला लागले. मालक गवत कापायचं मशीन आणून देतो म्हणाले, ते नको. गडी लावतो म्हणाले, तेही नको. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात, बसलं की उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी सोप्यातून बघितलं. मग राहवेना, इळा घेऊन गेले. न बोलता काम करायचं म्हणजे मला शिक्षाच, पण तोंड मिटून त्यांच्या बाजूची पात धरली.

आणि काय सांगू, त्यांना सगळं येत होतं! दहिवर कधी उठतं, गवत कुठल्या अंगावर पाडायचं, कधी उलटायचं. इतकी वर्षं बाजेवर बसून रागानं बघत होते ना, सगळं पाठ झालं होतं. मूठभर गवत घेऊन कानाशी पिळलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मान हलवली. पुन्हा खाली ठेवलं. मधे एकदा आभाळ भरून आलं तर दोघांनी धावत सगळं गोळा करून झाकलं, ऊन पडल्यावर पुन्हा पसरलं. मला आबांची इतकी आठवण झाली की इळा दिसेनासा झाला.

मग वाळल्याचा तो आवाज आला आणि मामंजी पेंढ्या बांधायला बसले. इथं मात्र अडलं. गवताचा पीळ त्यांच्या बोटांना जमेना, बांधलं की सुटायचं. तेव्हा मावशी घरातून आल्या. चपला बांधावर काढून ठेवल्या, आमच्याजवळ येऊन बसल्या आणि मामंजींना म्हणाल्या,

"आण्णा, तुमी बसा आता. म्या बांधते."

मामंजींनी मान हलवली. बोलायचं नव्हतं ना. पुन्हा पेंढी हातात घेतली.

मावशींनी ती त्यांच्या हातातनं काढून घेतली. "तुमी गप ऱ्हावा, पर मला बोलू द्या. ह्ये गेल्यावर मला रडायलाच येत नव्हतं. गाय हाय, रान हाय, गवत हाय, एकटीनं कसं करू, ह्येच डोक्यात. तुमी इथं राबाय लागला तशी म्या घरात बसून रडून घेटलं. पोटभर रडले. त्येच्यासाठीच करत्यात हे आमच्यात. गवत काय, कुनी बी कापंल." त्या पीळ घालत होत्या आणि बोलत होत्या. "तुमची बायकू गेली तवा ह्ये मला म्हनले हुते, त्यो शेजारी रडला न्हाई गं. दुसऱ्या दिशी फाटंच उसाला पानी पाजाया गेला. त्येला बसाया येळ गावला पायजे."

मामंजी कितीतरी वेळ मावशींच्या हातांकडं बघत राहिले. आत्याबाईंना अग्नी दिला तेव्हा न रडलेला माणूस. दहाव्याला नाही, वर्षश्राद्धाला नाही. ते तिथंच कापल्या गवतात बसले, दोन्ही हात मांडीवर टाकले आणि मोठ्यानं रडायला लागले. तोंड लपवलं नाही, डोळे पुसले नाहीत. आत्याबाईंचं नाव घेत होते. नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची आमच्या घरात रीत नाही, मी ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी उठून त्यांच्याकडं जायला लागले तर मावशींनी माझा पदर धरला. "ऱ्हाऊ दे. हितं ये, ही कवळ धर," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर बसले, गवत कवेत दाबून धरलं आणि त्यांनी पीळ आवळला.